सवेरिमुत्तूच्या तळहातावरची दोन अक्षरं

रकाना पहिला

सवेरिमुत्तू कारकून सापडला तो मनोऱ्याच्या जिन्याखाली. डोकं शेवटच्या पायरीवर, पाय वर, जणू कुणी त्याला उलटा वाळत घातला होता. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. डाव्या हाताची मूठ इतकी घट्ट की उघडायला दोन माणसं लागली. उघडली तेव्हा तळहातावर निळ्या शाईत दोन अक्षरं निघाली:

IV

हे काल संध्याकाळचं. आज सकाळपर्यंत ती दोन अक्षरं तुत्तुकुडीच्या अख्ख्या मासळी बंदरात फिरून आली होती, आणि फिरून आली ती एकाच दारात येऊन थांबली. कारण बंदरात आयव्ही एकच. मच्छीमार संघाचा सेक्रेटरी आय. व्ही. कोरैरा. आय बापाचा, व्ही आजोबांचा. त्याचं स्वतःचं नाव काय, हे बायकोशिवाय कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. लोक तोंडावर 'अण्णाच्ची', म्हणजे दादा, म्हणत आणि पाठीमागे नुसतं 'आयव्ही'.

भांडण एका बोटीचं होतं. 'पनिमयम' नावाची नवी बोट परवा पहाटे समुद्रात गेली आणि त्या रात्री परतली नाही. बोटीवर पाच माणसं. निदान तिच्या ड्रायव्हरची बायको सहायमेरी तसं म्हणत होती. बंदराचा मनोरा मात्र म्हणत होता की अशी बोट गेलीच नाही. जेवढ्या गेल्या तेवढ्या परतल्या, कॉम्प्युटरवर तसंच दिसतंय. दोघांच्या मध्ये संघाचा कारकून सवेरिमुत्तू एकटा उभा होता. "गेली," तो म्हणत होता. "मी माझ्या हाताने लिहिलंय." मग मनोऱ्यात ते का दिसत नाही, तेच बघायला तो काल वर चढला. उतरला तो असा.

किनारा पोलिसांची फौजदार सेल्वकनी सकाळी बंदरावर पोचली तेव्हा जमावाने कोरैराला संघाच्या बर्फ कारखान्यात ढकललं होतं. मनोऱ्यावर कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या इन्फन्टालाही त्याच्या मागोमाग. दोघांना सुखरूप बाहेर काढावं म्हणून सेल्वकनी अर्ध्यावर आलेल्या शटरखालून वाकून आत शिरली. आत पाऊल पडतं न पडतं तोच मागे ते शटर

रकाना दुसरा

खाली आलं. कुलूप लागल्याचा आवाज झाला. मग कुणीतरी बाहेरची मोठी कळ खाली ओढली, आणि बर्फाची यंत्रं एकेक दम तोडत गप्प झाली.

"इन्स्पेक्टर अम्मा!" बाहेरून सहायमेरीचा आवाज. "तुम्ही आत गेलात ते बरंच झालं. त्याच्या नरड्यातून काढा. बोट कुठंय एवढं सांगा, किल्ली माझ्या कमरेला आहे."

"सहायम, हा गुन्हा आहे. पोलिसाला कोंडणं—"

"मग लिहून घ्या. आत वेळ भरपूर मिळेल."

सेल्वकनीने वायरलेसवर तटरक्षक दलाला गाठलं. तिकडचा अधिकारी भला माणूस होता, पण दमलेला. "मॅडम, मला जागा द्या. आखात केवढं आहे ते तुम्हाला सांगू का? नुसतं 'शोधा' म्हणून होडी सापडत नाही. आणि तुमच्याच नोंदीत ती गेलेली नाही."

सेल्वकनी खरं तर आतल्या लाल मातीच्या, ताडांच्या मुलखातली. तिला पोहता येत नव्हतं, आणि ठाण्यातले लोक त्यावरून तिची रोज खेचत. पण एक दिवसापुरतं पाणी घेऊन गेलेली माणसं तिसऱ्या दिवशी काय करत असतील, हे समजायला पोहता यावं लागत नाही.

कारखान्यात गुडघाभर उंचीच्या बर्फाच्या लाद्या भाताच्या भुशात उभ्या होत्या. वीज गेल्यावर त्यांनी घाम सोडायला सुरुवात केली होती. कोरैरा त्यातल्याच एका लादीवर गोणपाट टाकून बसला होता. लुंगीसारखी गुंडाळलेली पांढरी शुभ्र वेष्टी, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि कॉलरचं एक बटण जागेवर नाही.

"मी मारलं नाही," तो म्हणाला.

"मी विचारलं नाही."

"विचारणार होतात, अम्मा. म्हणून आधीच सांगितलं."

"पनिमयमशी तुमचं काय वैर?"

"वैर कसलं? मी म्हणालो, धक्क्याला जागा नाही. आहेत त्याच बोटी एकमेकींना घासतात. गेल्या महिन्याच्या बैठकीत सगळ्यांनी हात वर केले आणि तिला घेतलं. मी हात खाली ठेवला. या बंदरात मी कुणाला सहजासहजी 'हो' म्हटलेलं नाही. 'नाही'च्या जोरावर संघ चालवलाय मी."

"आणि ती हरवली तेव्हा तुम्ही म्हणालात की सिलोनला बंदी असलेल्या समुद्रकाकड्या चोरून न्यायला गेली असेल."

"रागात म्हणालो."

"पाच घरांच्या दारात उभं राहून?"

उजव्या हाताचं पहिलं बोट तो मघापासून वेष्टीला पुसत होता, जणू त्याला काही चिकटलं होतं.

"काल संध्याकाळी कुठे होता?"

"वर, संघाच्या ऑफिसात. एकटा."

"आणि परवा सकाळी, बोटी सुटल्या तेव्हा?"

"तिथेच," तो म्हणाला, आणि बर्फाकडे बघू लागला.

सेल्वकनीने मान वळवली. भिंतीवर संघाची सूचना चिकटवलेली होती: सभासदांनी बर्फ रांगेने न्यावा, भांडू नये. खाली 'सेक्रेटरींकरिता, सवेरिमुत्तू'. मजकूर तमिळ, सेक्रेटरीची आद्याक्षरंही तमिळ, आणि प्रत्येक आद्याक्षरापुढे कुंकू लावल्यासारखा ठसठशीत ठिपका.

तिने ती सूचना दोनदा वाचली. मग ती इन्फन्टाकडे वळली, पण त्याआधी इन्फन्टाच

रकाना तिसरा

रडायला लागली होती.

— मी खोटं नाही बोलले, मॅडम. शीटमध्ये नव्हती म्हणून नाही म्हणाले.

— शीट कोण बनवतं?

— सवेरि मामा. वरच्या ऑफिसात. पहाटे बोट सुटली की तिच्या रकान्यात लिहितात, कुठे चालली ते. मग मला पाठवतात. रात्री बोट आली की मी खूण करते.

— तू त्यातलं काही पुसलंस?

— मी? मला त्यांची शीट पुसायला भीती वाटते. आधीच जीव मुठीत धरून उघडते. माझा कॉम्प्युटर म्हातारा आहे, त्यातलं सगळंच जुन्या आवृत्तीचं. वर नवीन घेतलाय. त्यांची फाईल माझ्याकडे उघडतच नाही, म्हणून ते ती जुन्या पद्धतीत बदलून पाठवतात. परवाही आली, मुकाट उघडली. कुरकुर नाही, काही नाही.

— काल सवेरिमुत्तू आले तेव्हा तू कुठे होतीस?

— सुक्कू कॉफी प्यायला, सुंठीची. त्यांना वर जाताना पाहिलंसुद्धा नाही. परत आले तर जिन्याखाली... पायऱ्यांवर सगळे खवले, मॅडम, रोज सांगते धुवा म्हणून, कोण ऐकतं?

— वर खोलीत काही वेगळं दिसलं?

— नाही. सगळं जागच्या जागी. पंखा चालू, खुर्ची... हां, माझी शीट तेवढी कुणीतरी पार उजवीकडे ढकलून ठेवली होती, अगदी टोकाला. मला परत ओढून आणावी लागली. लोकांना दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला हात लावायची भारी हौस.

— टोकाला काय आहे?

— 'संत अंतोनी'. शेवटची बोट.

— आणि त्याच्या पुढे?

— पुढे काय असणार? भिंत.

— कसली भिंत?

— म्हणजे रकाने संपतात ना. पांढरं संपतं, मग नुसतं करडं. भिंतच म्हणते मी तिला.

तेवढ्यात वरच्या गजाच्या खिडकीवर काहीतरी आदळलं. दगड नव्हता. हात होता, आणि त्या हातापाठोपाठ

रकाना चौथा

सहायमेरीचं तोंड वर आलं. ती बाहेर कुणाच्या तरी खांद्यावर चढली होती.

"बोलला का?"

"सहायम, तू सांग मला. तुझा नवरा कुठल्या बाजूला गेला?"

"मला काय माहीत?"

"घरातून निघताना काही म्हणाला असेल."

सहायमेरी अशी बघत राहिली, जणू सेल्वकनीने काहीतरी अशुभ उच्चारलं होतं. "अक्का, तुम्ही आतल्या मुलखातल्या ना? समुद्रावर निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारतं का कुणी? तो सांगत नाही, मी विचारत नाही. धक्क्यावर कुणीसुद्धा विचारत नाही. एकट्या सवेरि मामांना सांगतात, कारण संघाचा नियम. ते तेवढं लिहितात, तोंडाने कुणाला सांगत नाहीत. झालं."

"बोटीत वायरलेस?"

"पुढच्या आठवड्यात बसणार होता. नवी बोट, पहिलीच खेप." तिचा आवाज तिथे अडला आणि पुन्हा चढला. "ए आयव्ही! तुला जागा नव्हती ना धक्क्याला? आता आहे का जागा? बघ किती मोकळी झाली!"

कोरैराने मान वर केली नाही. खांदा देणारा खाली डगमगला असावा, कारण सहायमेरी गजांवरून घसरत दिसेनाशी झाली. जाताजाता म्हणाली, "दुपारच्या घंटेपर्यंत. मग आम्ही आत येऊ."

बर्फाचं पाणी आता चपलांच्या तळव्यापर्यंत आलं होतं आणि शटरच्या फटीतून बाहेर वाहत होतं. आतून जे बाहेर जाऊ शकत होतं ते एवढंच.

म्हणजे, सेल्वकनीने मनाशी मांडलं, पाच माणसं कुठे आहेत हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो इस्पितळात डोळे मिटून पडलाय. त्याला जे सांगायचं होतं ते त्याने हातावर लिहिलं. त्या दोन अक्षरांचा नर्सने अर्थ लावला, आयव्ही म्हणजे सलाईन. चिडून म्हणाली, लावतोच आहोत, लिहून कशाला सांगायला हवं? पोरांनी अर्थ लावला, रोमन चार, आणि चार नंबरचा धक्का उलटापालटा केला. बाकी सगळ्यांनी अर्थ लावला तो इथे बर्फावर बसलाय.

तिने वायरलेस उचलला आणि इस्पितळात बसवलेल्या हवालदाराला विचारलं, "त्याच्या खिशात काय काय निघालं? एकेक वस्तू सांग. आणि घाई

रकाना पाचवा

करू नकोस."

"जपमाळ एक, मॅडम. लवंगांची पुडी."

"लवंगा?"

"दाढ दुखत होती म्हणे त्याची. गालसुद्धा सुजलाय. मग बिड्या, किल्ल्या, निळं पेन. संपलं."

"पेन कुठे होतं?"

"शर्टाच्या खिशाला अडकवलेलं."

"टोपण?"

"घट्ट लावलेलं."

"आता त्याचा हात बघ. अक्षरांशेजारी आणखी काही आहे?"

"रेघ आहे एक. V च्या टोकापासून निघून बोटांकडे गेलेली. ती काय, पडताना पेन घसरलं असणार."

"अस्सं. पडताना पेन घसरलं. मग पडून झाल्यावर, डोकं फुटलेलं असताना, त्याने पेनाला टोपण लावलं आणि ते नीट खिशाला अडकवलं. व्यवस्थित माणूस दिसतोय."

तिकडून खाट करकरल्याचा आवाज आला.

"शेवटाला काही आहे का रे त्या रेघेच्या?"

"दोन बारीक फाटे आहेत, मॅडम. बाणासारखे."

तिने वायरलेस खाली ठेवला. कोरैरा आणि इन्फन्टा दोघंही तिच्याकडे बघत होते, बुडती माणसं काठाकडे बघतात तसे.

"अण्णाच्ची," ती म्हणाली. कोरैरा दचकला, सकाळपासून त्याला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. "हे तुमचं नाव नाही."

"मी काय सांगतोय मघापासून?"

"तुम्ही सांगताय ते मी मानलेलं नाही. पेन सांगतंय ते मानलंय. मारेकऱ्याचं नाव लिहिणारा माणूस टोपण लावत बसत नाही. म्हणजे त्याने लिहिलं ते पडण्याआधी, धडधाकट असताना, विसरू नये म्हणून. बंदरावर सगळेच हातावर लिहितात, कागद इथे टिकत नाही. दुसरं, तो तुमची अक्षरं लिहितो ती तमिळमध्ये, ठिपके देऊन. ती समोर भिंतीवर आहेत. ही इंग्रजी, आणि ठिपका एकही नाही. त्याला इंग्रजी कितपत येतं?"

"येत नाही. कॉम्प्युटरवर दिसेल तेवढं बघून उतरवतो."

"तेच. बघून उतरवतो. इन्फन्टा, तुझी शीट टोकाला कुणी ढकलली असेल? काल तिथे एकच माणूस गेला होता. त्याने टोक बघितलं, काहीतरी उतरवलं, पुढे बाण काढला आणि धावत सुटला. इतका धावत की खवल्यांवरून पाय सुटला. आता मला सांग, संत अंतोनीच्या डोक्यावर काय लिहिलंय?"

"डोक्यावर?"

"रकान्याच्या डोक्यावर. A, B, C असं काही असतं ना?"

"ते कोण वाचतं, मॅडम? मी बोटीचं नाव वाचते."

सेल्वकनीने छताकडे बोट दाखवलं. कारखान्यातूनच एक लोखंडी शिडी वरच्या ऑफिसात जात होती. "तो नवीन कॉम्प्युटर विजेशिवाय किती वेळ चालेल?"

उत्तर वरूनच आलं. सकाळपासून ज्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं तो बॅटरीचा टूं-टूं आवाज आता भराभर येऊ लागला होता. कोरैरा कानोसा घेऊन म्हणाला, "असा ओरडायला लागला म्हणजे

रकाना सहावा

संपत आला."

ते वर धावले. कोरैराची वेष्टी शिडीत अडकली आणि टरकली. त्याने वळूनही पाहिलं नाही. पडद्यावर शीट उघडली तेव्हा सेल्वकनीला पहिल्यांदा काही कळेचना. बोटींची नावं खाली-खाली नव्हती. ती आडवी मांडली होती, एकीच्या शेजारी दुसरी, दुसरीच्या शेजारी तिसरी. तारखा तेवढ्या डावीकडे खाली उतरत होत्या.

"हे आडवं का?"

"मग कसं?" कोरैराला प्रश्नच समजला नाही. "धक्क्याला बोटी कशा उभ्या असतात? खांद्याला खांदा लावून. एकीखाली एक नावं लिहितात ती देवळाबाहेरच्या दगडावर, समुद्राने घेतलेल्यांची. जित्या बोटी कोण तशा लिहील? सवेरिमुत्तूने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, मी खाली-खाली लिहिणार नाही."

"आणि नवी बोट आली की?"

"उजवीकडे टोकाला. आली तशी उभी राहते."

इन्फन्टा शीट उजवीकडे पळवू लागली. वरची अक्षरं सरकत होती. एकाक्षरी संपली, जोडाक्षरं सुरू झाली, AA, AB... बॅटरी टूं-टूं करत होती. HY. HZ. IA. IT. IU.

IV. संत अंतोनी.

"आयव्ही," कोरैरा पुटपुटला. आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतःचं नाव असं बघत होता, एका बोटीच्या डोक्यावर. "अम्मा, मी नव्हे. हा रकाना!"

"पुढे चल, इन्फन्टा. बाण आहे. पुढे."

इन्फन्टाने कळ दाबली. पुन्हा दाबली. शीट हलली नाही. संत अंतोनीच्या उजवीकडे

 

करडं.

 

करडं.

 

"इथेही भिंत," इन्फन्टा म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "नवीन मशीनमध्येसुद्धा."

खाली शटरवर पहिला घाव बसला. दुपारची घंटा अजून व्हायची होती, पण लोकांनी वाट बघणं थांबवलं होतं.

सेल्वकनी कोरैराच्या उजव्या हाताकडे बघत होती. तो पुन्हा बोट पुसत होता, आता फाटक्या वेष्टीला.

"परवा सकाळी सवेरिमुत्तू कुठे होता?"

कोरैराने ते बोट मुठीत लपवलं.

"अण्णाच्ची, दाढ सुजलेला माणूस दंतवैद्याकडे जातो. बोटींची नोंद त्याने केली, पण फाईल पाठवायला तो इथे नव्हता. ती कुणी पाठवली?"

"मी," कोरैरा म्हणाला. "तो म्हणाला, सगळं लिहून झालंय, फक्त जुन्या पद्धतीत बदला आणि मनोऱ्याला पाठवा. कसं करायचं ते दाखवून गेला. मी तसंच केलं. मग एक चौकट आली."

"कसली चौकट?"

"पिवळं त्रिकोणी चिन्ह आणि इंग्रजी. बरंच काही लिहिलं होतं. मला कुठे वाचता येतं? खाली दोन बटणं होती. एक 'हो'चं, एक 'नाही'चं. एवढी दोन मी ओळखतो." त्याने बोट वर धरलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं. "उभा जन्म सगळ्यांना 'नाही' म्हणत आलो, अम्मा. त्या दिवशी घाई होती. यंत्राला 'हो' म्हटलं."

"आणि बोट हरवल्यावरही बोललात नाही."

"काय बोलणार होतो? चौकटीत काय होतं तेच माहीत नाही. पण मनात होतं. सिलोनबिलोन ते... तोंड दुसरीकडे फिरवायला बोललो."

"मी सांगू काय होतं?" इन्फन्टाने डोळे पुसले. "जुन्या पद्धतीत जागा कमी असते, अण्णाच्ची. दोनशे छप्पन्न रकाने मावतात, पुढचे कापले जातात. 'कापू का' असं विचारत असणार ती चौकट. मी विचारच केला नाही. माझ्याकडे पोचते ती कापूनच येते, मग माझं मशीन कशाला ओरडेल? पहिला रकाना तारखांचा. उरलेल्या दोनशे पंचावन्न बोटी. संत अंतोनी दोनशे पंचावन्नावी, आणि पनिमयम—"

"तिच्यापुढची एक," सेल्वकनी म्हणाली. "कुणी पुसली नाही तिला. ती मावली नाही."

शटरवर दुसरा घाव. बॅटरीचे सूर आता एकमेकांना चिकटू लागले.

"आत्ता आपण उघडली ती तुम्ही पाठवलेली ना? कापलेली?"

"यादीत वरच होती म्हणून मी तीच उघडली, मॅडम."

"सवेरिमुत्तूने स्वतः लिहिलेली कुठे आहे? न कापलेली?"

"याच नावाची दुसरी आहे," इन्फन्टा म्हणाली. "शेपटाला एक x जास्त असलेली. पण मामांनी लिहिल्यावर ती साठवली नसेल तर..."

"साठवली असेल," कोरैरा म्हणाला. "तो एकेका बोटीनंतर साठवतो. मी हसायचो त्याला. म्हणायचा, दोर टाकला की गाठ मारायची, पुढच्या बोटीची वाट बघायची नाही."

इन्फन्टाने दुसरी फाईल उघडली. पुन्हा सगळ्या बोटी, पुन्हा तीच धाव उजवीकडे. IT, IU, IV, संत अंतोनी. आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून, पांढऱ्याशुभ्र जागेत, भिंत नव्हतीच कधी अशा थाटात:

IW. पनिमयम.

परवाच्या तारखेपुढे सवेरिमुत्तूने तमिळमध्ये चारच शब्द लिहिले होते. वलंपुरी पार. दक्षिण टोक.

सेल्वकनीने ते मोठ्याने वाचलं. वायरलेसवर दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचत असताना बॅटरीने एक लांब सूर काढला आणि पडदा काळा झाला. पण तोवर पलीकडचा दमलेला अधिकारी ओरडत होता, "मिळालं! मिळालं मॅडम! तो पार, तो पाण्यातला खडक मला माहीत आहे. प्रवाह ईशान्येचा आहे, विमान

शेवटचा रकाना

पाठवतो."

खाली शटर अर्धं वाकलं होतं. सेल्वकनीने खिडकीतून ती चार शब्दांची जागा बाहेर ओरडून सांगितली आणि घाव थांबले. कुणी जल्लोष केला नाही. कुलूपही उघडलं नाही. सहायमेरी शटरला पाठ लावून बसली, बर्फाच्या वाहत्या पाण्यात, आणि तिच्यामागे सगळा जमाव बसला. आत कोरैरा त्याच शटरला आतून पाठ लावून बसला. मध्ये फक्त एक पत्रा.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "सहायम. 'हो'चं बटण मी दाबलं होतं."

पत्रा पलीकडून किंचित हलला.

"आणि सिलोनचं बोललो ते खोटं होतं."

"ऐकू येतंय," सहायमेरी म्हणाली. "गप्प बसा आता."

दुपार कलली तेव्हा वायरलेस बोलला. इंजिन बंद पडलेली एक बोट वलंपुरीच्या ईशान्येला वाहत चालली होती. पाचही माणसं जिवंत. पाणी पहिल्याच रात्री संपलं. मग मासळीवर टाकायचा बर्फ चोखून राहिली होती.

सहायमेरीने कमरेची किल्ली काढली. कुलूप उघडलं, शटर वर गेलं, आणि ती कोरैराच्या बाजूने आत गेली. एका वितळत्या लादीवर तिने दोन्ही हात ठेवले आणि तशीच उभी राहिली.

इस्पितळातूनही निरोप आला. सवेरिमुत्तू शुद्धीवर आला होता. पहिला शब्द काय बोलला, असं सेल्वकनीने विचारलं. हवालदार अडखळला. "दाढ, मॅडम."

संध्याकाळी वीज परत आली. पनिमयमला ओढत आणत होते. सगळं बंदर धक्क्यावर होतं. ऑफिसात कोरैरा आणि इन्फन्टा दोघंच कॉम्प्युटरसमोर बसले होते, आणि सेल्वकनी जबाब घ्यायला दारात उभी होती.

"मनोऱ्याला नवीन मशीन यायला वेळ लागेल," कोरैरा म्हणाला. "तोवर उद्या पहाटे जुन्याच पद्धतीत पाठवायचंय. बरोबर?"

"हो, अण्णाच्ची. म्हणजे पनिमयम पुन्हा..."

"पहिली बोट कुणाची आहे?"

इन्फन्टाने बघितलं. "तुमची."

"तो रकाना काढून टाक."

"मग तुमच्या बोटीला समुद्रात नाही जाता यायचं. नोंदीतच नसेल."

"धक्क्याला राहील. जागा धरून बसायची सवय आहे तिला. काढ म्हणतो ना, पोरी."

इन्फन्टाने काढला. शीट दचकल्यासारखी हलली, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या बोटी एकेक पाऊल डावीकडे सरकल्या. मग तिने फाईल जुन्या पद्धतीत बदलायला घातली. कोरैराने बोट पुढे केलं आणि चौकटीची वाट बघत थांबला.

चौकट आली नाही.

"झालं?" त्याने विचारलं. "काहीच विचारलं नाही त्याने?"

"नाही, अण्णाच्ची. मावलं सगळं."

त्याला खरं वाटेना. तो पडद्याजवळ सरकला आणि शेवटच्या रकान्याच्या डोक्यावरची ती दोन अक्षरं बोटाने अडवून धरली. "वाच. या आयव्हीच्या खाली कोण आहे आता?"

बाहेर धक्क्यावर एकदम गलका उठला, दोर फेकल्याचा, गाठ मारल्याचा. इन्फन्टाने वाचलं, "पनिमयम."